अंतिम फेरीपर्यंत पोहोचूनही निवड होत नाही: वरिष्ठ पदाच्या मुलाखतीसाठी तयारी नेमकी कशाची करावी?

प्रश्न

मी एका मोठ्या उत्पादन उद्योगात विभागप्रमुख आहे. विभागाच्या नफ्यातोट्याची, माणसांची आणि भांडवली खर्चाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आजवरच्या बहुतेक बढत्या मला संस्थेच्या आतच मिळाल्या. वरिष्ठांनी माझे काम वर्षानुवर्षे जवळून पाहिलेले असल्यामुळे स्वतःविषयी सविस्तर सांगण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. आता मात्र पुढची पायरी, म्हणजे संपूर्ण कंपनीचे नेतृत्व, येथे मिळण्याची शक्यता दिसत नाही, म्हणून मी बाहेरच्या संधींचा गांभीर्याने विचार करीत आहे.

सर्च फर्मच्या, म्हणजे कंपन्यांना वरिष्ठ पदांसाठी उमेदवार शोधून देणाऱ्या संस्थेच्या, सल्लागारांशी होणारी प्राथमिक बोलणी चांगली होतात आणि मनुष्यबळ प्रमुखांबरोबरची फेरीही सुरळीत पार पडते. परंतु अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सदस्य यांच्याशी झालेल्या शेवटच्या भेटीनंतर निरोप येतो की अनुभव उत्तम आहे, तथापि दुसरे उमेदवार अधिक योग्य वाटले. या अभिप्रायातून सुधारणेसाठी काहीच हाती लागत नाही. या शेवटच्या फेरीत मंडळ नेमके काय पारखत असते? सध्याची नोकरी का सोडायची आहे, या प्रश्नाचे प्रामाणिक पण शोभेल असे उत्तर कसे द्यावे? आणि नोकरीत असताना गोपनीयता राखून हा शोध कसा चालवावा? ज्यांनी अशा निवडी जवळून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: सर्च फर्ममधील एक सल्लागार

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मंडळावर बसणारे लोक अधिक चांगले देतील. मी आपल्या अभिप्रायाच्या अडचणीविषयी लिहितो, कारण ती अडचण आमच्या व्यवसायाच्या रचनेतूनच निर्माण होते.

सर्च फर्म उमेदवारासाठी नव्हे, तर कंपनीसाठी काम करते. वरिष्ठ पदांचा शोध बहुधा आगाऊ ठरवलेल्या शुल्कावर चालतो. रूढ पद्धतीप्रमाणे हे शुल्क निवडलेल्या व्यक्तीच्या पहिल्या वर्षाच्या मोबदल्याच्या साधारण एकतृतीयांश असते आणि ते टप्प्याटप्प्याने दिले जाते. सल्लागाराची पहिली बांधिलकी ग्राहक कंपनीशी असते, आणि मंडळाच्या बैठकीत उमेदवाराविषयी जे बोलले जाते ते जसेच्या तसे बाहेर सांगण्याची त्याला मुभा नसते. त्यामुळे आपल्यापर्यंत जे पोहोचते ते गाळून आलेले असते. याचा अर्थ त्यातून काही मिळवता येत नाही असा नाही. माझे कुठे कमी पडले, असे विचारले तर सौजन्याचे उत्तर मिळते. त्याऐवजी, निवड झालेल्या व्यक्तीच्या कोणत्या अनुभवाला मंडळाने सर्वाधिक वजन दिले आणि माझ्याविषयीची कोणती शंका शेवटपर्यंत फिटली नाही, असे दोन नेमके प्रश्न विचारावेत. तेही नकार आल्याच्या दिवशी नव्हे, तर नवी व्यक्ती रुजू झाल्यानंतर, दूरध्वनीवर. तोपर्यंत सल्लागारावरचा ताण सरलेला असतो आणि तो अधिक मोकळेपणाने बोलतो.

खरी माहिती मात्र अंतिम फेरीच्या आधी मिळवायची असते. हे पद का रिकामे झाले, आधीची व्यक्ती किती काळ टिकली आणि का गेली, संस्थेच्या आतला कोणी उमेदवार शर्यतीत आहे का, सुरुवातीला ठरवलेले निकष मधल्या काळात बदलले आहेत का, हे सर्व सल्लागाराला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. निकष बदलणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. विस्तारासाठी माणूस हवा म्हणून सुरू झालेला शोध, एखादी तिमाही वाईट गेली की खर्च आवरणारा माणूस हवा, या वळणावर येतो. ज्याला हे कळत नाही तो उमेदवार शेवटच्या फेरीत मोठ्या आत्मविश्वासाने जुन्याच प्रश्नाचे उत्तर देत राहतो.

आणखी एक बाब अनेक अनुभवी अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते. ज्या कंपनीसाठी एखादी फर्म काम करते, त्या कंपनीतील अधिकाऱ्यांना ठरावीक काळ दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न करायचा नाही, असे बंधन ती फर्म सहसा पाळते. आपली सध्याची कंपनी एखाद्या फर्मची मोठी ग्राहक असेल तर त्या फर्मकडून आपल्याला कधीच विचारणा होणार नाही, मग आपली योग्यता कितीही असो. म्हणून एकाच सल्लागारावर विसंबून न राहता दोन-तीन फर्मना, आपल्या उद्योगाचा विभाग सांभाळणाऱ्या व्यक्तींना, आपली ओळख असू द्यावी. ही ओळख नोकरीची गरज नसतानाच होते. एखाद्या पदासाठी सल्लागाराने आपल्याला विचारले आणि ते आपल्याला नको असले, तरी त्या पदाला योग्य अशा व्यक्तीविषयी विचारपूर्वक मत द्यावे. अशी मदत आम्ही विसरत नाही.

उत्तर: निवड समित्यांवर काम केलेली एक स्वतंत्र संचालक

शेवटच्या फेरीत मंडळ काय पारखते, याविषयी मी तपशिलाने लिहिते.

आपण त्या खोलीत येता तेव्हा आपल्या क्षमतेचा प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला असतो. समोर बसलेल्या प्रत्येकाने आपला सीव्ही वाचलेला असतो आणि यादीतले तीनही उमेदवार कागदावर सारखेच भक्कम असतात. आता प्रश्न एवढाच उरतो की माहिती अपुरी असताना, वेळ कमी असताना आणि जवळचे सहकारी विरोधात असताना ही व्यक्ती निर्णय कसा घेते. तरीही बहुतेक उमेदवार आपल्या जबाबदाऱ्यांचा विस्तार सांगत राहतात: किती कारखाने, किती माणसे, किती उलाढाल. हे सारे कागदावर असतेच. कागदावर नसलेली गोष्ट म्हणजे विचार करण्याची रीत, आणि तीच ऐकण्यासाठी आम्ही बसलेलो असतो.

उदाहरण देते. तोट्यातील एक उत्पादनश्रेणी बंद केल्याचा प्रसंग एखादा उमेदवार असा सांगतो: बाजार आक्रसत होता, आम्ही सर्व विभागांचा एक गट नेमला, सखोल अभ्यास केला, श्रेणी बंद केली आणि विभागाचा नफा सुधारला. यात खोटे काहीच नाही, पण त्या व्यक्तीविषयी मला काहीच कळलेले नसते. दुसरा उमेदवार तोच प्रसंग असा सांगतो: माझ्यापुढे दोन मार्ग होते. किंमत वाढवून विक्री घटू द्यायची, किंवा श्रेणी पूर्ण बंद करायची. विक्रीप्रमुख बंद करण्याच्या ठाम विरोधात होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण काही ग्राहक ही श्रेणी मिळते म्हणूनच आमच्याकडून बाकीचा माल घेत होते. असे ग्राहक किती, याची खात्रीशीर आकडेवारी उपलब्ध नव्हती. मी बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण तिथे अडकलेले खेळते भांडवल दुसऱ्या वाढत्या श्रेणीला तातडीने हवे होते. भांडवल मोकळे झाले, परंतु अंदाजापेक्षा अधिक ग्राहक दुरावले. आज तोच निर्णय घ्यायचा झाला तर तो मी टप्प्याटप्प्याने राबवीन आणि मोठ्या ग्राहकांशी आधी स्वतः बोलेन.

या दुसऱ्या उत्तराने आम्हाला पर्याय कळले, विरोध कळला, काय माहीत नव्हते ते कळले, निवडीचे कारण कळले, परिणामाची कबुली कळली आणि त्यातून घेतलेला धडाही कळला. हे सर्व सांगायला तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. परिस्थिती, काम, कृती आणि परिणाम असा चार भागांचा साचा सर्वत्र शिकवला जातो आणि तो उपयोगी आहेच. परंतु वरिष्ठ उमेदवार बहुधा परिस्थितीच्या वर्णनातच निम्म्याहून अधिक वेळ घालवतात. पार्श्वभूमी दोन-तीन वाक्यांत आटोपून थेट पेचावर यावे. ऐकणाऱ्याला पार्श्वभूमी कमी वाटली तर तो विचारतो, आणि त्याने विचारणे हे चांगलेच लक्षण असते.

मंडळाच्या मुलाखतींची एक उणीव उमेदवाराने ओळखून असावी. ठरावीक प्रश्न, सर्वांना सारखेच, आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुणांकन, अशा रचनाबद्ध मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा पुढील कामगिरीचा अंदाज अधिक चांगला देतात, हे संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. श्मिट आणि हंटर यांच्या 1998 च्या सर्वसमावेशक आढाव्यात ते दिसले. पुढे 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतील दुरुस्त्या तपासून निवडीच्या विविध पद्धतींचा नव्याने हिशेब मांडला, तेव्हाही रचनाबद्ध मुलाखत सर्वांत वरच्या स्थानी राहिली. असे असूनही, पद जितके मोठे तितकी मुलाखत सैल, असाच माझा अनुभव आहे. अध्यक्ष आपल्या आवडीच्या विषयावर बोलू लागतात, एखादा सदस्य ओळखीच्या माणसांची चौकशी करतो आणि तास संपतो. अशा वेळी संभाषणाला आकार देण्याचे काम उमेदवारानेच सौम्यपणे करावे. या पदाकडून पुढील दोन वर्षांत कोणत्या दोन-तीन गोष्टी घडाव्यात अशी मंडळाची अपेक्षा आहे, असे सुरुवातीसच विचारावे आणि मग आपले प्रत्येक उदाहरण त्यांपैकी कोणत्या तरी अपेक्षेशी जोडून सांगावे.

आता खास आपल्या परिस्थितीविषयी. एकाच संस्थेत दीर्घकाळ वाढलेल्या उमेदवाराबद्दल मंडळाच्या मनात एक शंका असतेच: यश या व्यक्तीचे किती आणि त्या संस्थेच्या व्यवस्थेचे, नावाचे, तयार माणसांचे किती? ही शंका कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही, आणि माझा कयास आहे की आपल्या बाबतीत तीच अडत असावी. तिचे उत्तर न विचारताच द्यावे. जिथे व्यवस्था पाठीशी नव्हती असा प्रसंग निवडावा: अनोळखी बाजारपेठ, विलीनीकरणातून आलेला परका संघ, मुख्यालयाचा पाठिंबा नसलेला प्रकल्प. तिथे विश्वास कसा मिळवला, कोणती जुनी सवय सोडावी लागली, कोणाला बदलले आणि कोणाला जाणीवपूर्वक ठेवले, हे सांगावे.

दुसरी शंका विभागप्रमुखाकडून मुख्य कार्यकारी पदाकडे जाण्याविषयीची. विभागप्रमुख भांडवल मागतो, मुख्य कार्यकारी अधिकारी ते वाटतो. आपल्याच विभागाचा प्रस्ताव आपण कधी मागे घेतला आहे का, किंवा संपूर्ण समूहाच्या हितासाठी स्वतःच्या आकड्यांना तोशीस लागू दिली आहे का? असा प्रसंग असेल तर तो आपल्या सर्वांत मोठ्या यशापेक्षाही अधिक बोलका ठरेल. त्याचबरोबर, मंडळाला वाईट बातमी कधी आणि कशी दिली याचे एक उदाहरण तयार ठेवावे. वाईट बातमी वेळेवर देणारी व्यक्ती आम्हाला फार मोलाची वाटते.

पहिल्या काही महिन्यांचा आराखडा लिहून नेल्यास उमेदवाराची तयारी दिसते, असेही मी सुचवीन.

उत्तर: नुकताच उद्योग बदललेला एक वरिष्ठ अधिकारी

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु लेखी आराखड्याविषयी माझे मत वेगळे आहे. बाहेरच्या माणसाला अंतर्गत आकडे, करार आणि माणसे यांची माहिती नसते. त्यामुळे तारखांसह मांडलेला आराखडा अनेकदा अध्यक्षांच्या किंवा प्रवर्तकांच्या एखाद्या जिव्हाळ्याच्या निर्णयावर नकळत बोट ठेवतो, आणि पुढचा वेळ त्या निर्णयाच्या समर्थनात जातो. त्याऐवजी गृहीतके मांडावीत. उघड उपलब्ध माहितीवरून मला अमुक अडचण मुख्य वाटते, ते खरे असेल तर मी आधी या तीन गोष्टी तपासून पाहीन, आणि माझा अंदाज चुकीचा असेल तर कुठे चुकतो आहे ते कृपया सांगावे. यातून अभ्यास दिसतो आणि ऐकून घेण्याची तयारीही दिसते. मंडळाने स्वतःहून आराखडा मागितला असेल तर अर्थातच द्यावा.

नोकरी सोडण्याच्या कारणाविषयी: उत्तर लहान, खरे आणि पुढच्या दिशेने असावे. संस्थेने मला खूप दिले, संपूर्ण कंपनीची जबाबदारी घेण्याची माझी तयारी आहे आणि ती संधी तेथे नजीकच्या काळात नाही, एवढे पुरेसे आहे. वरिष्ठांविषयी तक्रार असेल तर ती रास्त असली तरी येथे बोलू नये, कारण ऐकणारा स्वतःला त्या वरिष्ठांच्या जागी ठेवून पाहतो. हे कारण सल्लागाराला, मनुष्यबळ प्रमुखांना आणि मंडळाला एकसारखेच सांगितले पाहिजे. तीन ठिकाणी तीन कारणे गेली की ती एकत्र येतातच.

गोपनीयतेच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका अनौपचारिक चौकशीचा असतो. आपण दिलेल्या संदर्भव्यक्तींव्यतिरिक्त मंडळाचे सदस्य आपापल्या ओळखीतून विचारपूस करतात. म्हणून पहिल्याच भेटीत सल्लागाराकडून स्पष्ट शब्दांत घ्यावे की माझ्या संमतीशिवाय सध्याच्या कंपनीत कोणाशीही बोलले जाणार नाही आणि सध्याच्या वरिष्ठांचा संदर्भ प्रस्ताव हाती आल्यावरच घेतला जाईल. संदर्भासाठी संस्था सोडून गेलेले माजी वरिष्ठ, माजी सहकारी आणि हाताखाली काम केलेली एखादी व्यक्ती, असे तिघे-चौघे आधी विचारून ठेवावेत. पद कोणते आहे आणि मंडळाची शंका कोणती आहे, हेही त्यांना सांगावे, म्हणजे ते सर्वसाधारण स्तुती न करता नेमके बोलू शकतील. शोधाच्या कामासाठी कंपनीचा ईमेल, संगणक किंवा फोन वापरू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

संपर्कांविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की नोकरीची उपयुक्त माहिती घनिष्ठ मित्रांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक येते, कारण जवळच्या माणसांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवर केलेल्या प्रयोगांतूनही मध्यम प्रमाणात दूरच्या ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक साहाय्यक ठरल्याचे आढळले. एकाच संस्थेत बराच काळ राहिलेल्या अधिकाऱ्याचे संबंध खोल असतात, पण ते एकाच वर्तुळात असतात. जुने पुरवठादार, माजी ग्राहक, लेखापरीक्षक, बँकर, संस्था सोडून गेलेले सहकारी यांच्याशी पुन्हा बोलणे सुरू करावे. पहिल्याच फोनवर नोकरी मागू नये. त्यांच्या क्षेत्रात काय घडते आहे ते मनापासून विचारावे.

आणि आपणही कंपनीची परीक्षा घ्यावी. गेल्या काही वर्षांचे वार्षिक अहवाल वाचताना नफा आणि प्रत्यक्ष हाती आलेली रोकड यांत सातत्याने अंतर आहे का, लेखापरीक्षकांनी मुदतीपूर्वी काम सोडले आहे का, संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तक किंवा संचालक यांच्याशी जोडलेल्या व्यक्ती व संस्थांशी, होणारे व्यवहार वाढत आहेत का, वित्तप्रमुख वारंवार बदलले आहेत का, हे पाहावे. शक्य असेल तर त्या पदावरून गेलेल्या व्यक्तीशी एकदा बोलावे. अंतिम फेरीत आपण या वाचनावर आधारित एखादा अवघड प्रश्न शांतपणे विचारलात, तर उमेदवार म्हणून आपले वजन वाढेल. त्या प्रश्नाने मंडळ अस्वस्थ झाले, तर तेही आपल्याला रुजू होण्यापूर्वी कळलेले बरे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संस्थेचे यश किती आणि माझे किती, ही शंका माझ्या लक्षातच आली नव्हती. मागील भेटींमधील काही प्रश्नांचा रोख आता उलगडतो आहे. आणखी एक विचारायचे आहे. सध्याचा आणि अपेक्षित मोबदला किती, असे पहिल्याच फोनवर विचारले जाते. तेव्हा आकडा सांगावा की टाळावा? आणि प्रस्ताव आला तर करारात कोणत्या बाबी आधी पाहाव्यात?

उत्तर: सर्च फर्ममधील एक सल्लागार

अपेक्षेचा आकडा पहिल्या फोनवर सांगण्याची घाई करू नये, पण विषय टाळूही नये. या पदासाठी कंपनीने कोणता पल्ला ठरवला आहे, असे सल्लागारालाच विचारावे. तो बहुधा सांगतो, कारण शेवटी आकड्यावर अडणारा उमेदवार त्यालाही नको असतो. सध्याचा मोबदला सांगायचा झाल्यास निश्चित वेतन, कामगिरीनुसार बोनस आणि दीर्घ मुदतीचे समभाग अशी फोड करून सांगावा. नोकरी सोडल्यामुळे बुडणारा बोनस आणि अद्याप हाती न आलेले समभाग यांची यादी आपण वेळेवर दिली तर नवी कंपनी त्यांची भरपाई करण्याचा विचार करू शकते. प्रस्ताव छापून आल्यानंतर हा विषय काढल्यास मात्र मन कडवट होते. आणि जो काही आकडा सांगाल तो कागदपत्रांशी जुळणारा असावा, कारण त्यांची पडताळणी होते.

करारात वेतनाच्या आधी बाहेर पडण्याची कलमे वाचावीत. कंपनीने कारणाशिवाय सेवा समाप्त केली तर किती महिन्यांचा मोबदला मिळेल, सेवासमाप्तीसाठी योग्य ठरणाऱ्या कारणांची व्याख्या किती सैल आहे, मालकी बदलली तर समभागांचे काय होईल, दिलेला बोनस परत मागण्याचा अधिकार कंपनीने कोणत्या परिस्थितीत राखून ठेवला आहे, आणि प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यावरचे बंधन किती काळाचे व किती व्यापक आहे, हे पाहावे. संचालक व अधिकारी यांच्या दायित्वासाठीचा विमा आपल्याला लागू होतो का आणि पद सोडल्यानंतरही त्याचे संरक्षण राहते का, याची लेखी खात्री करून घ्यावी. आपण कोणाला अहवाल देणार आणि किती खर्चापर्यंत मंडळाच्या मंजुरीशिवाय निर्णय घेऊ शकणार, हेही याच टप्प्यावर लिहून घ्यावे. अधिकाराच्या मर्यादेवरून होणारे वाद वेतनावरून होणाऱ्या वादांपेक्षा अधिक लवकर सुरू होतात. नोकरीविषयक करारांचे काम करणाऱ्या स्वतंत्र वकिलाकडून हा मसुदा एकदा तपासून घ्यावा, आणि स्वाक्षरी झालेले पत्र हाती येऊन संदर्भांची पडताळणी व मंडळाची औपचारिक मंजुरी पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नये.